कातणं ह्यांचं, चकाकी माझी

११ फेब्रुवारी

डोळा वाचला नाही. उजवा.

जागेवर आहे तसा. टाके घातलेत, वर पट्टी आहे. पण त्यात आता उजेड यायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी बाहेर बोलावून सांगितलं, माझ्या दंडावर हात ठेवून. मी "बरं" म्हटलं. बरं काय बरं! पण तोंडून तेवढंच निघालं.

आत आले तर हे विचारतात, "लेथ बंद केलास ना?"

केला. लेथ बंद केला, रक्त पुसलं, शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली. आधी काय आणि नंतर काय, आता आठवत नाही.

१२ फेब्रुवारी

काय झालं ते एकदा लिहून टाकते. म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

लेथवर पेनासाठी अक्रोडाच्या गाठीचा तुकडा होता. असल्या लाकडात रेषा वेड्यावाकड्या पळतात. म्हणून त्याचं पेन देखणं होतं, आणि म्हणूनच ते लाकूड भरवशाचं नाही. आत कुठे चीर असेल ते वरून कळत नाही. हे पटाशी लावून कातत होते. मी शेजारच्या मेजावर आदल्या दिवशीचं पेन काचपेपरनं घासत होते. आमची वाटणी अशीच आहे, लग्नानंतर लगेच ठरलेली — कातणं ह्यांचं, चकाकी माझी.

'ठक्' असा आवाज झाला. फार मोठासुद्धा नाही. मान वर केली तर हे दोन्ही हात तोंडावर धरून उभे, आणि लेथ आपला अर्धाच तुकडा घेऊन फिरतोय.

आणि तोंडावर घ्यायची ती प्लास्टिकची काच? खुंटीला!

श्वासानं धुरकट होते म्हणून काढून ठेवली होती. मी सकाळी म्हटलं होतं, काच घ्या. चहा दिला तेव्हा म्हटलं होतं. "हो गं, हो गं."

हे मी कुणाला सांगू? जखमी माणसावर चिडायची सोय नसते.

१५ फेब्रुवारी

घरी आणलं. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलीय. जो तो ह्यांच्याकडे बघून च् च् करतो आणि मला म्हणतो, "तुम्हीच आता धीर धरायला हवा." मी कुठे सोडलाय धीर? चहाचे कप विसळून हात मात्र गळून गेलेत.

लेक आलीय. आल्या आल्या बाबांच्या गळ्यात पडून रडली. मग स्वयंपाकघरात येऊन मला विचारते, "आई, तू रडली नाहीस?" जसं काही माझं एक काम करायचं राहून गेलंय.

रडू येत नाही. राग येतो. ती काच विकत आणली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, बाई, तुम्ही नवऱ्याची फार काळजी करता. फार काळजी! ती काच अजून त्याच खुंटीला आहे. एक ओरखडा नाही तिच्यावर.

२० फेब्रुवारी

एका डोळ्यानं जवळ-लांब कळत नाही म्हणे. तांब्यातलं पाणी ह्यांनी ग्लासाच्या बाहेर ओतलं. सगळं मेजावर.

"ग्लास सरकला," हे म्हणाले.

"हो, सरकला," मी म्हटलं आणि पुसून घेतलं.

२१ फेब्रुवारी

आज दाराची चौकट सरकली. कपाळाला टेंगूळ.

३ मार्च

लेक गेली. जाताना पुन्हा तेच — "दोघं माझ्याकडे या. दोन खोल्या रिकाम्या पडल्यात." ह्यांनी मान हलवली. होकार होता की नकार, तिला कळलं नाही. मला कळलं. तो तिसराच काहीतरी प्रकार होता, विषय संपवण्याचा.

ती गेल्यावर हे मागच्या खोलीत गेले. काच लावली! (आता लावली.) शिसवीची ठोकळी दांडीवर चढवली. मी दारातून बघत होते. पटाशी पुढे नेली, लाकूड अजून दोन बोटं लांब आहे असं समजून ढकलली असावी. ती एकदम घुसली. खाडकन ठोकळी फुटली, आतली, पेनाची शाई-निब बसते ती पितळेची नळी वाकडी झाली. लागलं कुणाला नाही.

हे बाहेर आले. हात धुतले. "लाकूड ओलं होतं," म्हणाले.

ते लाकूड लेकीच्या शाळेच्या दिवसांपासून माळ्यावर वाळतंय.

९ मार्च

भाऊजी आले होते. माझे दीर म्हणजे कामाचा माणूस. कुणाकडे काही बिघडलं की त्यांना स्फुरण चढतं. आल्या आल्या मुद्द्यावर. "दादा, एक फर्निचरवाला आहे ओळखीचा. लेथ बघून जाईल म्हणतो. नुसता धूळ खात पडण्यापेक्षा..."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बघत होते खिडकीबाहेर.

"ये म्हणावं त्याला," हे म्हणाले.

इतक्या सहज! मी लसूण सोलत होते. एक पाकळी पार चिरडून गेली हातात.

१४ मार्च

आज मी काय केलं ते मलाच खरं वाटत नाही.

फर्निचरवाला आला. मोठा माणूस, मोठं पोट, आवाजही मोठा. लेथभोवती फिरला. हे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले. भाऊजीच लेथचे गुण सांगत होते, आणि निम्मे चुकीचे सांगत होते. त्या माणसानं दांडीवर अडकलेला फुटका शिसवीचा तुकडा उपटला आणि खाली टाकला. "पेनं करायचा होय ह्यावर? एवढ्या मशीनवर पेनं?"

हे हसले. कसनुसं.

आणि मी म्हटलं, "लेथ विकायचा नाहीये."

सगळे माझ्याकडे.

"वहिनी, दादाचं आणि माझं बोलणं झालंय."

"माझ्याशी कुठे झालंय? लेथ चालू आहे. मी कातते हल्ली."

धडधडीत खोटं! आयुष्यात पटाशी धरली नव्हती. घासायचं, मेण चढवायचं, निब बसवायची, क्लिप दाबायची, एवढंच माझं राज्य. तो माणूस हसला आणि भाऊजींना म्हणाला, "घरात ठरलं की कळवा." गेला.

भाऊजी फणफणत त्याच्या मागे गेले. हे स्टुलावरून उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, "कातते म्हणे."

"शिकवा मग."

"तुला भीती वाटते लेथची."

"वाटतेच. डोळ्यांनी बघितलंय त्यानं काय केलं ते."

चूक झाली का बोलण्यात? पण 'डोळ्यांनी' हा शब्द आता काय घरातून हद्दपार करायचा?

१७ मार्च

शिकवणी सुरू. केस घट्ट बांधून वर रुमाल, बांगड्या काढलेल्या, पदर नाही — लेकीचा जुना सदरा आणि पायजमा. आरशात बघितलं तर मिस्त्रीच! आणि तोंडावर ती काच. हो, धुरकट होते. होऊ दे.

ह्यांनी पहिल्यांदा शेजारी उभं राहून सांगायला सुरुवात केली. पण माझी पटाशी लाकडाजवळ जायच्या आधीच ह्यांचा हात उठायचा. शेवटी स्टूल फिरवलं आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले.

"लाव आता पटाशी."

लावली. खर्र खर्र.

"मूठ खाली घे. आवाज फाटतोय."

घेतली. खर्र.

"अजून. अगं, लाकडाशी भांडू नकोस, नुसती टेकव."

आणि मग एकदम 'स्स्स' असा आवाज आला आणि माझ्या मनगटावरून लाकडाची लांबलचक पातळ साल सुटून गेली. मी ओरडलेच! हे पाठमोरेच म्हणाले, "हां. तो आवाज लक्षात ठेव."

मग पुन्हा खर्र.

२५ मार्च

पहिलं पेन झालं. सागाचं. मधे फुगलंय, टोकाशी बसलंय. ह्यांनी बोटांमध्ये फिरवून बघितलं आणि म्हणाले, "पेन नाहीये हे. लाटणं आहे."

हसलो दोघं. अपघातानंतर पहिल्यांदा.

लाटणं मी टाकून नाही दिलं. किराण्याचा हिशेब त्यानंच लिहीन.

८ एप्रिल

रोज चालू आहे. बरीच फुटतात. लाकूड पातळ होत होत नळीपाशी आलं की आवाज पोकळ येतो, तिथे थांबायचं. थांबायचं कळतं, पण हात थांबत नाही. हात म्हणतो अजून एकदा. ह्यांना मी विचारलं, तुमचा हात कसा थांबायचा? म्हणाले, "माझाही नाही थांबायचा. फार फुटायची सुरुवातीला. तुला दाखवत नव्हतो."

म्हणजे चुलीत जायच्या का ठोकळ्या, नव्या संसारात? आणि मी म्हणायची, ह्यांच्याकडे सरपण कसं संपत नाही!

१९ एप्रिल

चौकातले शाईवाले आले होते. त्यांच्या दुकानात आमची पेनं असतात, शाईच्या बाटल्यांशेजारी, काचेखाली. त्यांना मी माझी चांगली निघालेली पेनं दाखवली. 'माझी' म्हटलं नाही. त्यांनी एकेक उचललं, चष्मा कपाळावर चढवला.

"हा हात वेगळा आहे," म्हणाले.

मी फडक्याची घडी घालत राहिले. हे खुर्चीत बसलेले, ह्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

"कमरेशी थोडं भरलेलं आहे. वाईट नाही. वेगळं ठेवतो." आणि घेऊन गेले.

६ मे

शाईवाल्यांचा निरोप — पेनं खपली! एका वकीलबाईंनी घेतलं, त्यांच्या बोटांचे सांधे दुखतात, बारीक पेन धरवत नाही. म्हणाल्या, असं भरलेलं पेन कुठे मिळतच नाही. मैत्रिणीसाठी अजून एक हवंय. शाईवाले म्हणाले, असलीच करा.

माझी पोटफुगी! मी जवळजवळ पळतच आत गेले ह्यांना सांगायला.

"अरे वा," हे म्हणाले.

एवढंच. मग पंख्याकडे बघत राहिले.

१० मे

हे मागच्या खोलीत येत नाहीत आता. मी लेथ लावला की बाहेर जाऊन बसतात. आवाज फाटला तरी कुणी सांगत नाही. मीच थांबते, मीच ऐकते.

डोळा दाखवायला भाऊजींबरोबर जातात. मी येते म्हटलं तर, "तू काम कर तुझं." तुझं!

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"जखम बरी आहे."

१८ मे

भांडण. असं भांडण आमच्यात कधी झालं नव्हतं.

निमित्त काय, तर मी तिरकी पटाशी दुसऱ्या खणात ठेवली. ह्यांनी सगळं मेज उलथंपालथं केलं. "माझ्या वस्तू हलवायच्या नाहीत! किती वेळा सांगायचं!"

"मी वापरते ती. तुम्ही कुठे वापरता?" — निसटलं तोंडून.

"हो ना. मी कुठे! मला काढलंच आहे बाजूला. बाईंची पेनं खपतात आता. माझी गरज काय? मी तुझी पेनं पिशव्यांत भरायला बसतो कोपऱ्यात."

तेव्हा माझं जे काही तीन महिने घशाशी होतं ते सगळं आलं.

"बाजूला मी काढलं? मी? ती काच कुणी टांगली खुंटीला? मी सांगत होते, घे, काच घे! घेतलीस का? वाफ धरते म्हणे! एवढीशी वाफ पुसायचा कंटाळा आला तुला, आणि त्यापायी डोळा घालवून बसलास! आणि वर सगळे मला सांगतात, धीर धरा!"

बोलून झाल्यावर कळलं. मी ह्यांना 'तू' म्हटलं. संसार झाला सगळा, कधी अहो सुटलं नाही. आज सुटलं ते धबधब्यासारखं सुटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले, त्या एका डोळ्यानं. मला वाटलं, आता घर सोडून जातील किंवा एखादी वस्तू फेकतील. पण हळूच स्टुलावर बसले.

"खरंय," म्हणाले. "कंटाळा आला होता. पुसायचाच कंटाळा."

मग मी रडले. लेकीला कळवायला हवं, राहिलेलं काम झालं म्हणून.

१९ मे

सकाळी चहा देताना "अहो, चहा" म्हटलं. हे म्हणाले, "आज अहो का?"

मी लाजले. ह्या वयात!

२ जून

बाजारातून आले तर मागच्या खोलीतून लेथचा आवाज. पिशव्या घेऊन तशीच धावले. दाराशी थबकले.

हे उभे. तोंडावर काच. डावा हात पटाशीच्या आडव्या टेकूवर, उजव्या हातात मूठ. आणि खोलीत तो आवाज, 'स्स्स', कुठे खंड नाही. साली उडत होत्या. मी हाक मारली नाही. मारली आणि दचकले तर?

मग माझ्या लक्षात आलं, ह्यांचा चांगला डोळाही मिटलेला आहे! पूर्ण मिटून कातत होते.

लेथ थांबवल्यावर डोळा न उघडताच म्हणाले, "आलीस? पिशव्या ठेव खाली, बोटं तुटतील."

"डोळा का मिटलाय?"

"उघडा ठेवला की फसवतो. तो म्हणतो, लाकूड तिथे आहे. नसतंच तिथे. बोटं खोटं बोलत नाहीत. टेकूवर डाव्या हाताची बोटं धरायची, पटाशी त्यांच्यावरून पुढे न्यायची, आणि ऐकायचं."

शिसवीचं पेन. माझ्या हातात दिलं. कुठे फुगलं नाही, कुठे बसलं नाही. ह्यांचा हात! मी ते लगेच घासायला घेतलं, भाजीच्या पिशव्या तशाच दारात.

११ जून

काय सांगू! हे रोज कातताहेत. सकाळी मी, दुपारी हे. लेथला उसंत नाही. शाईवाल्यांना दोन्ही हातांची पेनं दिली. त्यांनी दुकानात दोन वेगळे कप्पे केलेत.

ह्यांची तब्येतही सुधारलीय. चेहरा भरलाय, गाल वर आलेत. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या लागू पडताहेत बहुतेक.

२४ जून

ह्यांना एक नवंच खूळ लागलंय. आता घासायचं आणि जोडायचंही डोळा मिटून करतात. म्हणजे माझं काम! मेण किती लावायचं ते फडक्याच्या घसटण्यावरून कळतं म्हणतात. निब उलटी बसवली दोनदा. तिसऱ्यांदा बरोबर बसली तर इतके खूश झाले, लेकीला पहिला दात आला तेव्हा झाले होते तसे.

सगळ्या पटाश्यांना मुठीशी खाचा पाडून ठेवल्यात — एक खाच गोल पटाशीला, दोन तिरकीला. आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरवलीय. मला बजावलं, "इथून केसभरसुद्धा हलवायचं नाही." ह्यावेळी मी भांडले नाही. माणूस कामाला लागलाय, लागू दे. मीही एकदा डोळे मिटून घासून बघितलं. बोटाचं कातडं सोलून निघालं.

३ जुलै

भाऊजी आले. मला वाटलं, पुन्हा लेथचा विषय. पण नाही. उलट म्हणाले, "वहिनी, लेथ ठेवलात ते बरं केलंत. दादाला हवाच तो." आणि चहा न घेता उठले. हा माणूस चहा न घेता जातो म्हणजे काहीतरी बिनसलंय त्याचं. बायकोशी वाजलं असेल.

१५ जुलै

आज जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, लाकूड आलं, शाईवाल्यांच्या ओळखीतून. जुन्या झाडाची छाटून वाळवलेली फांदी. कापल्यावर आत पिवळट, मधेच गडद तपकिरी रेषा. ह्यांनी ठोकळी हातात घेऊन मला दिली आणि म्हणाले, "रेषा कशा आहेत सांग."

"बघा की तुम्हीच."

"तू सांग ना. मला तुझ्याकडून ऐकायचंय."

मी सांगत बसले. एका टोकाकडून दोन रेषा निघतात, जवळ येतात, पण मिळत नाहीत. खाली एक डाग आहे, सांडलेल्या शाईचा असावा असा. तिथून पुढे सगळं फिकट, उन्हात वाळलेल्या गवताचा रंग. हे मान डोलवत होते. "फिकट भाग टोपणाकडे घेऊ?" विचारलं मला. मला! आजवर लाकूड कसं कापायचं हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नको, बोटं धरतात तिथे घ्या, हाताच्या घामानं पिकत जाईल.

"तसंच करू," म्हणाले.

तसा चांगला दिवस होता आजचा. रागाची जागा गेले काही दिवस रिकामीच आहे. चाचपडून बघते, आहे का अजून. नसते.

५ ऑगस्ट

लेक आली आहे. बाबांचं काम बघून थक्क. "आई, बाबा जादूगार झालेत!" हे तिच्यासमोर मुद्दाम जास्तच तोरा मिरवत होते. पटाशी हातात घेऊन, "सांगू कुठली आहे?" वगैरे.

दुपारी ती खिडकीत बसली होती केस वाळवत. हे जाऊन तिच्यासमोर बसले. हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि बघत राहिले. नुसते बघत.

"काय बाबा?"

"काही नाही. कपाळ आईसारखं आहे तुझं. लक्षातच आलं नव्हतं कधी."

ती हसली. मी पण. माझ्याकडेही हल्ली असेच बघतात. मी भांडी घासताना, मी फणी फिरवताना. मी म्हटलं, "काय, नवीन लग्न झालंय का आपलं?" तर म्हणाले, "हो."

१६ ऑगस्ट

लेक परत गेली. 'माझ्याकडे या' म्हणाली नाही ह्यावेळी. जाताना जैतुनाचं पेन घेऊन गेली. कातणं बाबांचं, चकाकी माझी, मधला घाट दोघांचा. गाडीत बसताना त्या पेननं हातावर काहीतरी लिहून बघत होती, लहानपणी लिहायची तसं.

२२ ऑगस्ट

कप हातातून सुटला ह्यांच्या. मी म्हटलं, "सरकला का?" चेष्टेनं. हे हसले नाहीत.

२३ ऑगस्ट

आज चहा पिताना ह्यांनी सांगितलं. डावाही जातोय. एक डोळा असा फुटला की कधीकधी चांगलाही त्याच्यापायी आजारी पडतो म्हणे. गोळ्या त्याच्याच होत्या, चेहरा त्यांनीच सुजलाय. भाऊजींना माहीत होतं. गोळ्यांनी थांबेल किंवा नाही थांबणार, डॉक्टरीणबाई काही सांगत नाहीत. समोरची खिडकी आता नुसती पांढरी दिसते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आपण भांडलो ना, त्याच्या आदल्या आठवड्यात कळलं."

मी कप खाली ठेवला. ह्यांनी मेजावरून हात पुढे केला. माझा हात कुठे आहे ते न बघता, बरोबर त्याच्यावर ठेवला.

"घाबरू नकोस," म्हणाले. "माझा सराव झालाय."